फॉस्फेट किती, बाबा?

अख्ख्या नागपुरात माझ्याएवढा समुद्र जाणणारा माणूस तुम्हाले भेटणार नाही. समुद्र मी अजून पाह्यला नाही, तेवढं सोडा.

आमचा समुद्र काचेचा हाय. हॉलमधी, जिथं टीव्ही होता तिथं. टीव्ही आता स्वयंपाकखोलीत फ्रिजवर बसला. बायको म्हणते, सिरियल पाहाले मान एवढी वर करा लागते का देवळात उभं असल्यासारखं वाटते. मी म्हटलं, मंग हात बी जोडत जा. ती हासली नाही. माझ्या जोकवर आमच्या घरी कोणी हासत नाही. हासाले बाहेरचे लोक लागते, आन् तिथंच माझी सगळी बरबादी हाय.

मी चौथी नापास. उन्हाळ्यात कूलरच्या मोटरा बांधतो, पावसाळ्यात विहिरीचे पंप, हिवाळ्यात लोकाईच्या तोंडाकडं पाहतो. असल्या माणसाच्या घरी समुद्र काहून आला, हे तुम्ही विचारलंच पाहिजे. पोरीनं आणला. ती एका दातांच्या डॉक्टरकडं नंबर लावाले बसत होती. पेशंटनं भेऊ नये म्हणून त्यानं दवाखान्यात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवला होता. डॉक्टर गाव सोडून गेला, तेव्हा म्हणे, तूच याचं सगळं करते, तूच ने. तिनं हातगाडीवर टाकून आणला. मासे बादलीत, आन् कोरल माझ्या जेवणाच्या डब्यात.

कोरल म्हणजे काय, तं दगडावर बसलेलं जनावर. मी त्याले झाड समजलो. हिरव्या शेवया पाण्यात डोलून राहिल्या असं दिसे, टोकाले जराशी गुलाबी. एका दगडावर अशी पाच तोंडं. पहिल्या दिवशी मी बोट लावलं तं सगळ्या शेवया सप्पकन् आत गेल्या. मी असा ओरडलो का शेजारची बाई धावत आली. पोरगी पोट धरून हासली. तेव्हा हासत होती ती.

मंग तिनं एक पोट्टा पसंत केला. मिहानमधी, विमानतळापाशी, एका कंपनीत कामाले. आपल्यातला नव्हता, पण माझं खरंच त्याच्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. मले फक्त जोकची जागा दिसली. काही लोकाईले रस्त्यानं जाताना थुंकाची जागा दिसते ना, तशी मले जोकची दिसते. दिसली का मी थांबत नाही.

पोट्ट्याचा बाप कन्हानले इस्त्रीचा ठेला लावते. बोलणीले आला तो पांढरा शर्ट घालून. त्या शर्टाले सुरकुती नव्हती. बाह्यांची घडी अशी होती का त्यानं कांदा कापता आला असता. आमचा हॉल भरलेला. माझे भाऊ, साळा, शेजारचे दोघं. बायकोनं चहा आणून त्याच्या हातात दिला. आन् मी म्हटलं, "चला, पोरीचं काय व्हायचं ते होवो, आपल्या खानदानाच्या कपड्याले आता सुरकुती पडत नाही."

सगळे हासले. लोक हासले का मले वाटते अजून एक द्याव. मी अजून एक दिला. "आहेर-बिहेर काही नको. आम्ही घरच्या चादरी पाठवून देऊ, तेवढ्या मारून द्या."

त्या माणसानं कप खाली ठेवला. एक घोट बी घेतला नव्हता. उठला, मले हात जोडले, म्हणे, "येतो." जाताना त्यानं दार लोटलं ते बी हळूच. आपटलं असतं तं मले आजपर्यंत थोडं बरं वाटलं असतं.

लग्न त्यांनी कोर्टात केलं. बायकोले माहीत होतं, मले नव्हतं. पोट्ट्याले कंपनीनं पुण्याले पाठवलं. जाताना पोरगी तिच्या मायले सांगून गेली का टँक काही बसमधी नेता येत नाही, तिकडं घर लागलं का छोटा टँक घेईन आन् दिवाळीत येऊन कोरल नेईन, तोवर बाबाले सांभाळाले सांग. म्हणजे पोरगी घरी येणार होती ती त्या शेवयाईसाठी. शेवया जिवंत तं पोरगी उंबरठ्यात. शेवया मेल्या तं तिले आमच्या घरी येण्याचं काही कारणच नव्हतं. हे मले कोणी सांगितलं नाही. चौथी नापास माणसाले बी एवढा हिशोब समजते.

दर रविवारी तिचा फोन येत गेला. कसे हाय, काय जेवले, काही नाही. फोन उचलला का एकच, "फॉस्फेट किती, बाबा?"

फॉस्फेट म्हणजे माशाईच्या खाण्यातून, त्यांच्या घाणीतून पाण्यात जे उतरते ते. जास्त झालं तं शेवाळ माजते. एकदम संपलं तं कोरल उपाशी मरते, कारण तेच त्याचं खाणं. ही दोन वाक्यं तिनं मले जाताना शिकवली. माझ्या कानानं पहिलं ठेवून घेतलं, दुसरं वापस केलं.

ते मोजाले तिनं किट ठेवली होती. काचेची छोटी शिशी, तिच्यात टँकचं पाणी घ्यायचं, पुडीतली पावडर टाकायची, हलवायचं, थांबायचं. पाणी निळं होते. संग एक पांढरं कार्ड, त्यावर निळ्याचे चौकोन, फिक्यापासून गडदपर्यंत. शिशी कार्डावर ठेवून पाहायचं कोणत्या घराशी जमते. दुसरं घर म्हणजे बरोबर. एवढं सोपं काम. लहान लेकरू बी करन. मले दिलं.

आता आमच्या इकडचा मे तुम्हाले माहीत हाय. दुपारी खिडक्याईले ओल्या चादरी, दारावर वाळ्याची ताटी, आन् लाइट बंद, का बल्बाची बी गरमी नको. हॉल म्हणजे भुयार. त्या भुयारात एकच उजेड, टँकवरचा. कोरलसाठीचा लाइट निळा राहते, निळाच. मी तिथंच, टँकपाशी पाट टाकून, त्या उजेडात शिशी कार्डावर धरे. शिशी निळी. कार्ड निळं. माझा हात निळा. बायको चहा घेऊन आली तं ती बी निळी. मी आपला विचार करे का पोरीच्या कामात कसूर नको, आन् गडदातलं गडद घर धरे.

"चौथं घर, माय," मी रविवारी पोरीले फोनवर सांगे.

"चौथं?" ती तिकडून घाबरे. "एवढं कसं वाढलं? खाणं कमी करा. आन् ते दाणे टाका थैलीतले, वाटीभर."

ते दाणे म्हणजे तांबड्या मातीसारखे खडे. जाळीच्या थैलीत भरून पाण्यात ठेवले का फॉस्फेट शोषून घेते. तिनं वाटीभर सांगितले तं मी दोन वाट्या टाकले. पुढच्या रविवारी मोजलं तं चौथंच घर. मी अजून टाकले. माशाईचं खाणं अर्धं केलं. ते काचेले तोंड लावून माह्याकडं पाहत, आन् मी त्याइले म्हणे, पथ्यावर हाय तुम्ही.

पाणी मात्र असं झालं का जसं पाणीच नाही. कोणी आलं का मी दाखवे. "पाहा गा, भिंत दिसते का नाही आरपार?" लोक म्हणे, वा. मी फुगलो. शेवया आखूड झाल्या, हिरव्याच्या पिवळ्या झाल्या, पिवळ्याच्या पांढऱ्या होऊन राहिल्या, आन् मी समजलो का घाण निघून राहिली.

बायको म्हणे, "अहो, हे फिकं काहून पडून राहिलं? दुखणं आल्यासारखं दिसते."

मी म्हटलं, "सावलीत राहून गोरं होऊन राहिलं. तू बी बसत जा थोडी सावलीत."

ती उठून चुलीकडं गेली. चुलीपुढं बसून काळी झालेली बाई, आन् कूलरचं तोंड मी टँककडं फिरवून ठेवलेलं. हे मले तेव्हा नाही सुचलं. जोक मले आधी सुचते, बाकीचं मंग.

एका दुपारी मी मोजून झालो आन् शिशी धुवाले तिच्या हातात दिली. ती मोरीवर नाही गेली, अंगणात गेली, नळ तिथं होता म्हणून. तिथून तिनं हाक मारली.

"अहो, इकडं या. याच्यात तं काहीच नाही!"

"काहीच नाही म्हणजे? आताच चौथं घर होतं."

"मले घर-बिर माहीत नाही. हे माठातल्या पाण्यासारखं दिसते."

मी कार्ड घेऊन बाहेर गेलो. अंगणात ऊन असं का डोळे उघडत नव्हते. उघडले, आन् शिशी कार्डावर ठेवली. पहिल्या घराच्या बी अलीकडं. पांढरं. शून्य. निळा होता तो लाइट, पाणी नाही. तेवढे दिवस मी उजेड मोजत होतो, आन् उपाशी जनावराच्या पुढचं ताट अजून उचलून नेत होतो.

शाळेत मले शून्य भेटे तं मास्तर निदान छडी मारे, हिशोब तिथंच संपे.

रविवारी फोन आला. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं ती चिडन. ती चिडली नाही, नुसतं म्हणे, "जिवंत हाय का?"

"दोन तोंडं गेली. नुस्ता दगड राहिला तिथं. तिघं हाय."

मंग म्हणे, "दाणे सगळे काढा. आजच. मी एक बाटली पाठवते कुरिअरनं, फॉस्फेटचीच. रोज दहा थेंब टाकायचे. घाई नका करू, बाबा. एकदम वाढलं तं उरलेले बी मरन. हळूहळू वर आणायचं. आन् मोजायचं उन्हात."

बाटली आली. आता पाहा माझं. आयुष्यभर लोक माह्याकडं साफ पाण्यासाठी पंप घेऊन आले, आन् मी पैसे मोजून आणलेली घाण थेंबाथेंबानं पाण्यात टाकून राहिलो. बायको म्हणे, मोरीतून आणली असती तं फुकट होती. तिचा जोक माह्या जोकांपेक्षा चांगला होता, म्हणून मी हासलो नाही.

पाऊस लागला. रोज दहा थेंब, माशाईले थोडं जास्त खाणं, आन् ढगातून ऊन निघालं का मी शिशी घेऊन अंगणात. शून्य. शून्य. शून्य. मले वाटे टँकातले दगडच पिऊन राहिले सगळं. मंग एका रविवारी शिशीत निळ्याची जराशी झाक आली. एवढीशी, का पांढऱ्या कपड्याले नीळ दिल्यासारखी. पहिलं घर. मी तसाच ओल्या हातानं फोन लावला. पहिल्यांदा मी लावला, तिनं नाही.

"पहिल्या घरात आलो, माय!"

"खरंच? उन्हात पाह्यलं?"

"उन्हात. तुह्या मायले बी दाखवलं. गवाह हाय ती."

"मोजून टाकता ना थेंब?"

"मोजून म्हणजे? अकरा, रोज."

"अकरा? मी दहा सांगितले होते."

"दहा कसे टाकाव वं? शुभ कामात कोणी दहा देते का? अकरा, एकवीस, एक्कावन. वरतून एक, शगुनाचा."

आन् ती हासली. पोट धरून, तसंच, बोट लावलं होतं त्या दिवशीसारखं. "बाबा, फॉस्फेटले शगुन!" म्हणे. तिच्या मागं तो पोट्टा बी हासल्याचं ऐकू आलं. मले काय झालं सांगू, मी फोन दोन्ही हातानं कानाले दाबून धरला. असल्या टायमाले माणसानं नुसतं ऐकत राहाव. पण तिकडं दोघं हासून राहिले होते, आन् मले जागा दिसली.

मी म्हटलं, "तुह्या सासऱ्याले सांग, तिकडं नीळ लागली तं आमच्या टँकातून घेऊन जा म्हणाव. शर्ट अजून पांढरे निघन."

हासू बंद झालं. दोघाईचं संगच.

ती म्हणे, "बाबा, एकदा कन्हानले जाऊन या. त्यांच्या ठेल्यावर जा, चहा घ्या, एक शब्द बोला. मले बाकी काही नको तुमच्याकडून."

मी म्हटलं, "जातो ना. पहिले हे पाणी तं ठीक होऊ दे."

"हूं," म्हणे. "दहाच टाका."

त्याच्यानंतर पुन्हा तेच. फॉस्फेट किती, बाबा. पहिलं घर, माय. ठेवते.

मी कन्हानले गेलोच नाही, असं नाही. त्या बाजूले एका वाडीतला पंप काढाले गेल्तो. येताना ठेला दिसला. तो माणूस होता, पाठमोरा, इस्त्री फिरवून राहिला होता. कोळशाची, जड. मी गाडी हळू केली आन् मनात वाक्य बांधाले लागलो. मोटरची कॉइल बांधतो तसं, एकेक फेरा. "त्या दिवशी माह्या तोंडातून जे निघालं," इथपर्यंत बरोबर बांधलं गेलं. पुढं वाक्य पूर्ण झालं तं त्याच्या शेवटी जोक होता. मी पुन्हा बांधलं. पुन्हा शेवटी जोक. मी गिअर टाकला आन् घरी आलो, आन् टँकात दहा थेंब टाकले. दहाच.

पाऊस सरता सरता दुसरं घर लागलं. बरोबर दुसरं. शेवयाईले रंग आला, पहिले टोकाले, मंग खालपर्यंत. तीन तोंडं फुलून डोलाले लागली. मेलेल्या दोन तोंडाईची जागा तशीच राहिली, पडलेल्या दातासारखी. मी रोज तिथं उभा राहून पाहे. बायको म्हणे, "पोरीच्या लहानपणी एवढं पाह्यलं असतं तं."

दिवाळीत ती आली. गाडी भाड्याची, पहिले कन्हानले उतरले होते, तिथून आले. ती एकटीच आत आली. हातात थर्माकोलचा डबा. मले वाकून नमस्कार केला. मायच्या गळ्यात पडली. मंग टँकापुढं बसली, आन् एक हात काचेले लावला.

मी म्हटलं, "जावई?"

"गाडीत हाय ते. ठीक हाय तिथंच."

तिनं पहिले शिशी काढली. पाणी घेतलं, पावडर टाकली, अंगणात गेली. मी मागं मागं, शाळेत निकालाच्या दिवशी बापाच्या मागं जायचो तसा. तिनं कार्डावर धरलं, डोळे बारीक केले. "दुसरं घर," म्हणे. "बरोबर आणलं, बाबा." आयुष्यात मले पास केलं ते तिनं. मी काही तरी बोलणार होतो, पण बायकोनं माह्याकडं असं पाह्यलं का मी पाणी प्यायले गेलो.

बायको फराळाचं ताट घेऊन फाटकाबाहेर गेली. खिडकीतून दिसलं, पोट्टा गाडीतून उतरला, तिच्या पाया पडला, उभ्या उभ्या एक अनारसा खाल्ला. मंग मी बी गेलो. वाक्य तयार होतं. आधीच बांधून ठेवलेलं, शेवटी जोक नसलेलं. तो मले पाहून हातातला दुसरा अनारसा ताटात ठेवून सरळ उभा राह्यला, हात जोडून, त्याच्या बापानं जोडले होते तसेच. शर्ट त्याचा बी पांढरा. घडी अशी का कांदा कापता यावा. मले जागा दिसली, आन् मी दात आवळून धरले. जोक नाही निघाला. त्याच्यासंग वाक्य बी नाही निघालं. निघालं ते एवढंच, "घरात कूलर हाय."

दिवाळीच्या थंडीत.

"हो," म्हणे तो. आन् आम्ही दोघं फाटकाकडं पाहत राह्यलो.

मागून पोरगी आली. डबा बंद, कडेनं चिकटपट्टी. टँकात आता चार मासे आन् खाली दगड उरले होते. तिनं डबा मागच्या सीटवर ठेवला, लेकराले ठेवते तसा, बाजूनं उशी लावून. बसाले लागली तं मी दार धरलं.

"रविवारी फोन करशीन ना, माय?"

"कशाले? फॉस्फेट आता माझं मीच पाहीन." तिनं माह्या हातातून दार सोडवून घेतलं. "तुम्ही कन्हानले जा, बाबा. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता हाय. समुद्र थोडी हाय."